नागपूर बघताना पोट, पाय आणि दुपार कशी सांभाळायची

मागच्या एप्रिलमध्ये ठाण्याचा माझा मावसभाऊ बायको आणि दोन मुलांना घेऊन नागपूरला आला. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी स्टेशनवर उतरला. मोबाइलमध्ये नऊ ठिकाणांची यादी तयार होती. मला त्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून ओळखीचा ऑटो ठरवून दिला आणि कामावर गेलो. दुपारी अडीचला वहिनींचा फोन आला. सकाळपासून चार ठिकाणं झाली होती. मग कुणीतरी सांगितलं म्हणून भर दुपारी सावजी (इथलं झणझणीत तिखट जेवण) जेवले, आणि तिथून थेट फुटाळा तलावाच्या काठावर. वर ऊन, पोटात तर्री, म्हणजे रश्श्यावरचं लाल तिखट तेल. सहा वर्षांच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या होत्या. उरलेला दिवस आणि दुसरी सकाळ आमच्या घरी कूलरसमोर गेली. वहिनी तिला चमच्या-चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत होत्या.

त्यांनी निवडलेली सगळी ठिकाणं चांगली होती, जेवणही चांगलंच होतं. नुसता क्रम बदलला असता, तर तीच सहल सुखाची झाली असती. त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी क्रम सांगतो, मग ठिकाणं. नागपूरचा दिवस दोन तुकड्यांत करायचा: एक सकाळचा, एक संध्याकाळचा. मधली दुपार मोकळी सोडायची आणि जेवण त्या दुपारच्या हिशोबानं ठरवायचं. खाली दोन दिवसांचा बेत त्याच पद्धतीनं लिहिला आहे.

आधी महिना आणि वार बघा

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत नागपूर फिरायला उत्तम. सकाळी स्वेटर लागतो, दुपारचं ऊन सोसवतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असतो, पण शहर हिरवं होतं आणि तलाव भरतात, तेही छान. एप्रिल-मे मात्र वेगळं प्रकरण. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. उन्हाचा कडाका पाहून काही वर्षी दुपारच्या वेळी चौकांतले सिग्नलही बंद ठेवले गेले आहेत, लोकांना उन्हात थांबायला लागू नये म्हणून. यावरून अंदाज घ्या. उन्हाळ्यातच यावं लागलं तर सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच बाहेर पडा. डोक्याला सुती दुपट्टा बांधा. इथं पुरुषही बांधतात, लाजायचं काही कारण नाही.

खोली मिळण्याच्या दृष्टीनं दोन काळ अवघड. एक डिसेंबर, कारण तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. 1953 च्या नागपूर करारात दरवर्षी एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं होतं; त्याची ही आठवण दरवर्षी हॉटेलांच्या भाड्यात दिसते. दुसरा काळ दसऱ्याचा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, शहराचा तो सगळा भाग माणसांनी भरून जातो. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठीच येणार असाल तर जरूर या, पण मग बाकीच्या स्थळांची यादी घरी ठेवून या. तो दिवस त्या माणसांमध्ये राहण्याचा आहे.

वाराचं म्हणाल तर सोमवार टाळा. अजब बंगला (इथलं जुनं संग्रहालय) आणि मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद असतात. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट हे त्याचे लोकांसाठी खुले असण्याचे दिवस. एरवी तो खालूनच बघायचा. याच टेकड्यांवर नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. टेकडीच्या कडेला टेकडी गणपतीचं देऊळ आहे, तिथं मात्र कधीही जाता येतं. स्टेशनवरून उतरल्या-उतरल्या दर्शन घेणारे पुष्कळ असतात.

मुक्काम असा घ्या, की दुपारी परत येता येईल

सगळ्या बेताचा पाया हाच आहे. खोली थोडी लहान असली, नाश्ता मिळत नसला, तरी चालेल. पण ती बर्डी, धंतोली किंवा रामदासपेठ या भागात असू द्या. (सीताबर्डीला आम्ही नुसतं 'बर्डी' म्हणतो. ऑटोवाल्याला तेच सांगा.) बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर शहरातल्या दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात. ऑरेंज मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत, म्हणजे विमानतळाच्याही पुढे जाते. ॲक्वा मार्गिका प्रजापती नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत, मधे रेल्वे स्टेशनही लागतं. डिसेंबर 2022 पासून हे दोन्ही मार्ग पूर्ण सुरू आहेत. बर्डीजवळ राहिलात की कुठूनही थोड्या वेळात खोलीवर येऊन पडता येतं. शहराबाहेरच्या रस्त्यावरचं मोठं हॉटेल स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका. दुपारी परत येणं तिथून जड जातं, आणि मग माणूस उन्हातच फिरत राहतो.

मेट्रोचा आणखी एक उपयोग लोक विसरतात. स्टेशनांवर स्वच्छतागृहं आहेत. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर गल्लीबोळांत शिरण्याआधी स्टेशनातच उरकून घ्या.

ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा किंवा मोबाइलवरून गाडी बोलवा. मीटरची वाट बघत बसू नका.

पहिली सकाळ: तर्री पोहे, झिरो माईल, अजब बंगला

आंघोळ करून आठच्या सुमाराला बाहेर पडा आणि रिकाम्या पोटी निघा. नाश्ता तर्री पोह्यांचा. कस्तुरचंद पार्कचा परिसर त्यासाठी नावाजलेला आहे, पण खरं तर प्रत्येक मोहल्ल्याचा आपला एक ठेला असतो आणि तिथली माणसं त्याच्यावरून भांडतात.

पहिल्यांदाच खाणार असाल तर काय समोर येतं ते सांगतो. ठेल्यावर एका बाजूला वाफेवर ठेवलेले पिवळे पोहे, ओल्या फडक्यानं झाकलेले. दुसऱ्या बाजूला मोठ्या गंजात हरभऱ्याचा रस्सा मंद आचेवर रटरटत असतो आणि त्याच्या वर बोटभर लाल तेल तरंगत असतं. ते लाल तेल म्हणजे तर्री. ठेलेवाला भाऊ प्लेटमध्ये पोहे घेतो, पळीनं रस्सा खाली सारून आधी वरचं लाल ओततो, मग तळातले हरभरे काढतो. वर चिवडा किंवा शेव, बारीक कांदा, सांबार, लिंबाची फोड. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, दक्षिणेकडचं सांबार नव्हे. तसंच बटाट्याला आलू आणि शेंगदाण्याला फल्ली. हे तीन शब्द लक्षात ठेवले की नागपुरातल्या निम्म्या पाट्या कळतात.

नवख्या माणसानं एवढंच म्हणावं: "भाऊ, तर्री वेगळी द्या." वाटीत वेगळी मिळाली की चमच्या-चमच्यानं घेऊन आपल्याला किती झेपतं ते कळतं. मुलांसाठी कोरडे पोहे घेऊन वर नुसते हरभरे मागा. आणि दोन प्लेट खायचा मोह आवरा. पोहे हलके वाटतात, पण तर्री दोन तासांनी आपलं अस्तित्व दाखवते. तेव्हा तुम्ही उन्हात उभे असाल. अकरानंतर ठेले आवरायला लागतात आणि रस्साही आटून जास्त तिखट झालेला असतो, म्हणून हा नाश्ता सकाळीच करायचा.

कस्तुरचंद पार्कपासून झिरो माईलचा खांब रमतगमत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इंग्रजांच्या काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला हा वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे. बरेच जण फोटो काढून दोन मिनिटांत निघतात. पाच मिनिटं जास्त द्या आणि खांबावर कोरलेली गावं वाचा. हैदराबाद 318 मैल, मग चंदा (आजचं चंद्रपूर), जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. नागपूरचा संबंध पुण्या-मुंबईपेक्षा कुठल्या गावांशी होता, ते त्या यादीत दिसतं. आमची बोली, आमचं तिखट, आमचे नातेवाईकही त्याच दिशांना पसरलेले आहेत.

तिथून जवळच्या टपरीवर चहा घेऊन अजब बंगल्यात जा. मध्यवर्ती संग्रहालय हे त्याचं सरकारी नाव, स्थापना 1863 ची. आत मध्य भारतात सापडलेले जीवाश्म, प्राचीन मूर्ती, गोंड आणि इतर आदिवासी समाजांच्या वस्तू, भोसल्यांच्या काळातली शस्त्रं आहेत. सगळी दालनं बघायची गरज नाही. दोन-तीन दालनं नीट बघा आणि मधेमधे बसा. जाड भिंतींची इमारत आहे, अकरा-साडेअकराच्या उन्हापासून चांगला आडोसा मिळतो. साडेबाराला बाहेर पडा.

दुपारचं जेवण साधं ठेवा

इथं सगळ्यात जास्त पाहुणे चुकतात. दुपारच्या जेवणाला 'नागपूरचं काहीतरी खास' हवं असतं आणि खास म्हटलं की सावजी. सावजीची जागा रात्री आहे. दुपारी धरमपेठ, रामदासपेठ किंवा बर्डीच्या एखाद्या मराठी खानावळीत वरण-भात-पोळी-भाजीचं ताट घ्या. थंडी असेल तर वांग्याचं भरीत मिळतं का विचारा, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा सोबत असतो. ठेचा बाजूला ठेवला तरी चालतो.

खासच हवं असेल तर वडाभात विचारा. भिजवून जाडसर वाटलेल्या मिश्र डाळींचे वडे तळायचे, ते गरम भातावर कुस्करायचे आणि वर मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्यांची कडकडीत फोडणी ओतायची. सोबत कढी किंवा ताक. तेल जिरलेला भात, त्यात मधेच लागणारा वड्याचा कुरकुरीत कडा. हे आमच्या लग्नघरांतलं आणि सणावारांचं जेवण. प्रत्येक ठिकाणी रोज मिळत नाही, म्हणून आत शिरण्याआधी विचारून घ्या. पोटाला जड आहे, हे खरं. पण तिखट कमी आणि जेवल्यावर झोप छान लागते. त्या दुपारी आपल्याला तेच हवं असतं.

थंडीत आलात तर पुडाची वडी चुकवू नका, सांबारवडी म्हणतात तीच. बेसनाच्या पातळ आवरणात सांबार, खसखस, खोबऱ्याचं सारण ठासून भरलेलं असतं. दोन वड्या चारच्या चहाबरोबर घ्या, जेवणात नको.

उन्हाळ्यात जेवणाआधी ताक किंवा कैरीचं पन्हं प्या. रस्त्यावरच्या रसात घातलेला बर्फ टाळा. मी मुलांना तरी देत नाही.

एक ते चार: काही करायचं नाही

खोलीवर जा. पंखा, कूलर, एसी जे असेल ते लावा आणि आडवे व्हा. सहलीचा वेळ फुकट जातोय असं वाटू देऊ नका. या तीन तासांमुळे संध्याकाळचे चार तास मिळतात. उन्हाळ्यात नागपूरची घरं दुपारी अशीच असतात: खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आणि सगळे जमिनीवर चटई टाकून झोपलेले. त्या वेळी कुणाच्या घरी फोनसुद्धा करत नाहीत.

खोली सोडलेली असेल तर सामान रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा आणि थंड आडोसा शोधा. मुलं बरोबर असतील तर गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र सगळ्यात चांगलं. सी. व्ही. रमण यांच्या नावाचं हे केंद्र 1992 पासून आहे, तारांगणही आहे. मुलं रमतात आणि मोठ्यांना बसता येतं. तिथून जवळच एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे. जमशेटजी टाटांनी ही कापड गिरणी 1 जानेवारी 1877 ला सुरू केली होती. मॉलच्या गारव्यात बसताना हे लक्षात असू द्या, कारण रात्रीच्या सावजी जेवणाशी त्याचा संबंध आहे.

तिसरा उपाय मला स्वतःला आवडतो: बर्डीहून ॲक्वा मार्गिकेनं लोकमान्य नगरपर्यंत जायचं, उतरून परतीचं तिकीट काढायचं आणि परत यायचं. मेट्रो उंचावरून जाते, डब्यात गारवा असतो, मधे अंबाझरी तलावाचं पाणी दिसतं. वयस्कर माणसांना ही बसल्या जागची सहल फार बरी वाटते. माझ्या आईनं तलाव इतक्या निवांतपणे पहिल्यांदा मेट्रोतूनच पाहिला.

पहिली संध्याकाळ: महाल पायी

चार-साडेचारला चहा घेऊन निघा. ॲक्वा मार्गिकेनं चितार ओळी चौक स्टेशनवर उतरा. चितार ओळ म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. पोळ्याच्या आगेमागे आलात तर ओळीनं मांडलेल्या, अजून रंग न लागलेल्या गणपतींमधून वाट काढत चालावं लागतं. ओल्या मातीचा वास, बांबूचे सांगाडे, एका कोपऱ्यात डोळे रेखत बसलेला कारागीर. तिथं उभे राहा, पण वाट अडवू नका आणि विचारल्याशिवाय जवळून फोटो काढू नका.

पुढे बडकस चौकाकडून महाल या जुन्या वस्तीत शिरा. नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं तटबंदी घातली, जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर. मग रघुजी भोसले आले आणि नागपूर मोठ्या राज्याची राजधानी झालं. 1854 मध्ये इंग्रजांनी वारस नसल्याचं कारण सांगून ते खालसा केलं. महालात भोसल्यांचा वाडा आहे, जुन्या तटबंदीच्या आठवणीचा जुम्मा दरवाजा आहे. आता त्याला गांधी गेट म्हणतात. या सगळ्यात रुंद रस्ते, पाट्या, तिकीट खिडक्या असं काही सापडणार नाही. लोक राहतात, दुकानं चालतात, शाळेतून मुलं घरी येत असतात. सावकाश चाला. घाई केली तर महालात काहीच दिसत नाही.

मधे एकदा नक्की थांबा. एखाद्या जुन्या हॉटेलात आलूबोंडा आणि चहा घ्या. रस्सा ओतून देतात, पण रात्रीचं जेवण लक्षात घेऊन कोरडा मागा. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर बडकस चौकापर्यंतच चालून तिथून ऑटोनं गांधीसागरच्या काठावर जा आणि बाकीच्यांची वाट बघत बसा.

रात्र: सावजी

आता भूक लागलेली असते, ऊन उतरलेलं असतं आणि जेवल्यावर झोपण्यापलीकडे काही करायचं नसतं. सावजीला हीच वेळ. आणि शक्यतो पहिल्याच रात्री, परतीच्या गाडीच्या आधल्या रात्री नको. रेल्वेच्या डब्यात पोट बिघडलं तर हाल होतात.

सावजी ही हलबा कोष्टी समाजाची स्वयंपाकाची पद्धत. मागावर बसणारी, कापड विणणारी माणसं. दुपारी एम्प्रेस मिल लक्षात ठेवा म्हटलं, ते या कापडाच्या धाग्यासाठी. इतवारी, महाल, गोळीबार चौक, पाचपावली या जुन्या वस्त्यांमधून हे स्वयंपाकघर भोजनालयांत आलं. मसाला घरचा आणि प्रत्येक घराचा वेगळा. भाजलेली ज्वारी, जवस, खसखस, खडा मसाला आणि भरपूर लाल मिरची. त्यामुळे रस्सा काळपट लाल आणि दाट होतो, नुसता तिखट राहत नाही. पहिल्या घासाला तिखट कळतं. तिसऱ्या घासाला जवसाची खमंग चव कळायला लागते. पण तिथपर्यंत पोचायला हळू जेवावं लागतं.

बसल्यावर असं करा. चार माणसांत मटणाची एक प्लेट आणि डाळकांद्याची एक प्लेट मागवा, कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं. खूर म्हणजे पाय आणि सुंदरी म्हणजे आतडी. खाणारे आवडीनं खातात, पण काय आहे ते माहीत असू द्या. रस्सा पोळी-भाकरीवर ओतू नका. भाकरीचा तुकडा मोडा, कडेनं बुडवा. भाकरी जितकी कोरडी तितकं तिखट झेपतं. मधेमधे कांदा, लिंबू. भात शेवटी आणि थोडाच.

शाकाहारी माणसांनी पाटोडी रस्सा घ्यावा. बेसनाच्या वड्या त्याच काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडलेल्या असतात, मला ती मटणाइतकीच आवडते. मात्र रस्सा वेगळ्या भांड्यात होतो का, हे स्पष्ट विचारा. 'व्हेज' म्हणून मटणाच्याच रश्श्यात पाटोडी सोडून दिल्याचा अनुभव माझ्या एका शाकाहारी मित्राला आला आहे. त्याला फार वाईट वाटलं आणि ते रास्त होतं.

ठसका लागला तर गटागट पाणी पिऊ नका. मिरचीचा दाह करणारा अंश पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं तो तोंडभर पसरतो. दूध, दही किंवा ताक घ्या, ते नसेल तर गुळाचा खडा चघळा. मी पाहुणे घेऊन जातो तेव्हा पिशवीत गूळ असतोच. मुलांना इथं आणूच नका, असं मी म्हणणार नाही. त्यांना आधी बाहेर वरण-भात खाऊ घाला आणि इथं भाकरी चाखू द्या. कुटुंबासाठी वेगळी बसायची सोय आहे का, हेही आत शिरताना विचारून घ्या. पुष्कळ भोजनालयं साधी आहेत, चार बाकडी आणि एक पंखा.

जेवल्यावर खोलीपर्यंत थोडं चाला. आइसक्रीम लगेच नको, तासाभरानं.

दुसरी सकाळ: दीक्षाभूमी

आज नाश्ता अगदी हलका, इडली किंवा उपमा आणि चहा. तर्री पुन्हा नको. दीक्षाभूमीला जितकं सकाळी जाल तितकं बरं, कारण आत चपला काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात दगडी फरशी दहा-अकरा वाजताच तापते. ऑरेंज मार्गिकेवर रहाटे कॉलनी स्टेशनला उतरून ऑटो करा.

14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा भव्य स्तूप 2001 साली खुला झाला. सांचीच्या धर्तीचा बाहेरचा आकार, पण आतून पोकळ. आत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. बाबासाहेबांच्या अस्थी तिथं आहेत. बाहेर बोधिवृक्ष आहे आणि बावीस प्रतिज्ञा कोरलेला स्तंभ आहे.

इथला बेत ठिकाणांच्या हिशोबानं करू नका. निदान दीड तास ठेवा. बावीस प्रतिज्ञा पूर्ण वाचा. मग झाडाखाली बसा. शेजारी गावाकडून आलेलं एखादं कुटुंब डबा उघडून बसलेलं असतं, आजी नातवाला काहीतरी सांगत असतात. विसावा म्हणतात तो इथं आहे, तो दुसऱ्या कुठल्या बागेत शोधायची गरज नाही. माझा मावसभाऊ त्या एप्रिलमध्ये इथं वीस मिनिटं थांबला होता. दिवाळीत पुन्हा आला तेव्हा साडेदहापर्यंत हलला नाही. बाहेर पुस्तकांची दुकानं आहेत, तिथंही वेळ जातो.

दुपारचं जेवण कालच्यासारखं साधं, आणि एक ते चार पुन्हा विश्रांती.

दुसरी संध्याकाळ आणि परतीची पिशवी

पाचला फुटाळा. भोसल्यांच्या काळातला तलाव, पलीकडे झाडी, त्या झाडीमागे सूर्य मावळतो. आधी शेजारच्या तेलंगखेडी बागेत बसा आणि ऊन उतरलं की काठावर या. पावसाळ्यात भाजलेला भुट्टा घ्या, लिंबू-मीठ चोळून. रविवारी गर्दी फार, शक्य असेल तर दुसरा वार निवडा. रात्रीचं जेवण हलकं: खिचडी-कढी किंवा डाळभात.

तिसरा दिवस हाताशी असेल तर रामटेक करा, साधारण 50 किलोमीटर. सकाळी सातला निघा, गडावर दहाच्या आत पोचा. वर माकडं आहेत, हातात खाण्याची पिशवी दिसली की झडप घालतात, म्हणून डबा सॅकमध्ये बंद ठेवा आणि खाली उतरूनच उघडा. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मानतात. एकच दिवस असेल, तर सकाळी दीक्षाभूमी, दुपारी विश्रांती, संध्याकाळी महाल. बाकी सगळं सोडा.

संत्री शेवटच्या दिवशीच घ्या, नाहीतर दोन दिवस खोलीत दबून राहतात. आंबिया बहाराची (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. जाणकार मृगाची फळं जास्त गोड मानतात. एप्रिल-मेमध्ये आलात आणि कुणी 'नागपुरी' म्हणून चकचकीत घट्ट सालीची फळं पुढे केली तर घेऊ नका. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, अंगठ्यानं सहज सुटते. साल थोडी खडबडीत असली तरी चालते, हातात फळ जड लागलं पाहिजे. संत्रा बर्फी हवी तर हल्दीरामसारख्या मोठ्या दुकानातून घ्या, डब्यावरची तारीख वाचा आणि उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात नेऊ नका.

गाडीसाठी पोळी आणि फल्लीची कोरडी चटणी बांधून घ्या, भरपूर पाणी घ्या. संत्री प्लास्टिकच्या बंद पिशवीत कोंडू नका, घाम सुटून सडतात. जाळीची पिशवी घ्या आणि ती सीटखाली हवा लागेल अशी ठेवा. चार-सहा फळं मात्र वर हाताशी असू द्या, रात्री डब्यात मुलांना सोलून द्यायला.